दानूची पाळी

दानूला किळस येते, ही गोष्ट काही केल्या नीलाबाईच्या मनातून जात नव्हती. मुलगा परगावी शिकायला गेला की आईच्या काळज्या साधारण ठरलेल्या असतात. जेवत असेल का, ताप तर आला नसेल, संगत कशी असेल. नीलाबाईची काळजी वेगळी होती. तिचा मुलगा पाद्री व्हायला गेला होता आणि त्याला माणसांची किळस येत होती.

लहानपणापासूनच तो तसा. दुधावर साय दिसली की पेला सरकवून द्यायचा. कोणी उष्ट्या हाताने घागरीतून पाणी घेतले, तर दिवसभर तहानलेला राहायचा पण त्या घागरीचे प्यायचा नाही. वडील गुणवंतराव सिंदेवाहीला मिशनच्या लहानशा दवाखान्यात कंपाउंडर. घर दवाखान्याला लागूनच. दवाखान्याच्या ओसरीवर गळू झालेले, जखमा चिघळलेले, खोकून खोकून थुंकणारे लोक बसलेले असत. शाळेतून येताना दानू त्या ओसरीला मोठा वळसा घालायचा आणि मागच्या काटेरी कुंपणातून घरात शिरायचा. सदरा फाटला तरी त्याची तयारी असे.

महिन्यातून एकदा ख्रिस्ती देवळात प्रभुभोजन व्हायचे. द्राक्षरसाचा एकच प्याला सगळ्या मंडळीच्या ओठांवरून फिरायचा. त्या दिवशी दानू न उठवता उठायचा आणि पहिल्या बाकावर अगदी कडेला जाऊन बसायचा. प्याला सगळ्यांच्या आधी आपल्याकडे यावा, एवढाच त्यामागे हेतू. मंडळीतल्या बायका नीलाबाईला म्हणायच्या, "पोराची भक्ती पाह्यली का बाई, पुढंच बसते." नीलाबाई मान डोलवायची. ती नागपूरच्या कॉलेजात बी.ए. झालेली, मिशनच्या शाळेत मुलींना शिकवणारी बाई. आपला मुलगा भक्त नसून नाजूक आहे हे तिला पक्के ठाऊक होते, पण चारचौघांत सांगायचे कसे?

थंडीत नदीकाठी ख्रिस्ती लोकांचा मेळा भरला होता. तिथे बाहेरून आलेल्या उपदेशकाने विचारले, देवाच्या कामाला कोण उभा राहतो? दानू उभा राहिला. उंच, गोरटेला, आवाज घंटेसारखा. गुणवंतरावांचे डोळे भरून आले. त्यांचे वडील लटारू गावाबाहेर राहून मेलेली ढोरे ओढायचे; त्याबदल्यात गाव त्यांच्या ओंजळीत वरून शिळ्या भाकरी टाकायचा. त्या लटारूचा नातू पाद्री होणार, लोक त्याच्या हातून भाकर घेणार. गुणवंतराव घरी येईपर्यंत वाटेत भेटेल त्याला सांगत आले.

नीलाबाईने मात्र घरी आल्यावर मुलाला समोर बसवले.

"दानू, प्याल्यात उरते ते शेवटी पाद्र्यालेच प्यावं लागते. साऱ्या म्हाताऱ्याकोताऱ्यांचं उष्टं. पिशील?"

"तवाचं तवा पाहू."

"आणि महारोग्याच्या घरी प्रार्थनेले जावं लागते. मुडद्याजवळ बसावं लागते."

"आई, तिथी ग्रीक शिकवतात," दानू म्हणाला. "तुले माहीत आहे का, मूळ शास्त्र ग्रीकमधी आहे. मी ग्रीक शिकीन. मोठ्या चर्चमधी उपदेश करीन."

"तुझ्यावरच गेला," गुणवंतराव बायकोला म्हणाले. "तू नाई का, पाटलाच्या घरचा चहा प्याच्या आधी पदरानं कप पुसत."

पंचावन्न सालच्या जुलैत ती स्वतः त्याला पोहोचवायला चांद्याला गेली. नॅरोगेजची गाडी मूल गावाजवळच्या जंगलातून रांगत रांगत चालली आणि दानू खिडकीच्या दांड्याला हात लागू नये म्हणून हात मांडीवर घडी करून बसला. सेमिनरी गावाबाहेर, सागाच्या डेपोच्या पलीकडे होती. कौलारू इमारत, मध्ये पटांगण, एका बाजूला प्रार्थनेची खोली, दुसऱ्या बाजूला विद्यार्थ्यांच्या खोल्या. एकेका खोलीत चार खाटा.

दानूच्या शेजारच्या खाटेवर पोचू बसला होता. भामरागडकडचा माडिया आदिवासी पोरगा. त्याच्या गावात ख्रिस्ती झालेले घर एकच, त्याचेच. पाऊस सुरू झाला की तिकडचे रस्ते बंद होतात म्हणून तो महिनाभर आधीच येऊन राहिला होता. पाय भेगाळलेले, केसांना मोहाच्या बियांचे तेल, उशाशी सुक्या मासळीचे गाठोडे. नीलाबाईला पाहून तो ताडकन उठला आणि तिने ट्रंक खाली ठेवायच्या आत ती उचलून खाटेखाली सरकवून दिली.

"बाई, तुमी बसा," तो म्हणाला. "मी पोचू."

दानूने आपली खाट भिंतीकडे ओढून घेतली. वीतभरच ओढली, पण ओढली.

दुपारी प्रिन्सिपॉलसाहेबांनी नव्या विद्यार्थ्यांना आणि पालकांना एकत्र बसवले. म्हातारे, बारीक, खादीचा झब्बा घातलेले पाद्री. त्यांनी सेमिनरीची रीत सांगितली. सेमिनरीचे संडास बादल्यांचे होते. एरवी मुखरू नावाचा माणूस ते साफ करी. पहिल्या सत्रात मात्र मुखरूला बागेत काम दिले जाई आणि बादल्या नवे विद्यार्थी उचलत. दुपारच्या जेवणानंतर, खोलीतल्या एकेकाने आळीपाळीने. बादली शेताच्या टोकाला न्यायची, खड्ड्यात रिकामी करायची, वर माती लोटायची, धुऊन परत ठेवायची.

"ज्याला लोकांचं दुःख उचलायचं आहे, त्यानं आधी त्यांची घाण उचलून पाहावी," प्रिन्सिपॉलसाहेब म्हणाले. "आमच्यात कोणी वरचा नाही, कोणी खालचा नाही. ग्रीक न आलं तर चालेल. हे टाळलं तर चालणार नाही. टाळणाऱ्याला मी घरी पाठवतो."

नीलाबाईने दानूकडे पाहिले. त्याचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता. तिला वाटले, हा आठवड्यात परत येणार. तिला त्याचे वाईट वाटले आणि लगेच थोडे बरेही वाटले.

पण दानू परतला नाही. चांद्याच्या गाडीचा गार्ड गुणवंतरावांच्या ओळखीचा होता. त्याच्याजवळ नीलाबाई जवसाच्या लाडवांचा डबा द्यायची. दानू चांदा फोर्ट स्टेशनवर येऊन डबा घ्यायचा आणि रिकामा परत पाठवायचा. सोबत तोंडी निरोप असे. मजेत आहे म्हणे. अभ्यास चालू आहे म्हणे. लाडू संपले, जास्त पाठवा म्हणे.

"लाडू खाऊन खाऊन पाद्री होते तुझा पोट्टा," गुणवंतराव म्हणायचे.

नीलाबाई हसायची. गूळ कोमट असतानाच लाडू वळावे लागतात. वळता वळता तिला वाटायचे, आपण उगाच घोर लावून घेतला. पोरगा निभावून नेतो आहे. किळस काय, सवयीने जाते.

दसऱ्यानंतर शाळेला सुट्टी होती. न कळवताच ती डबा घेऊन चांद्याला गेली. सेमिनरीच्या फाटकाशी बागेत मुखरू वांग्यांना पाणी देत होता.

"दानियेल? आज त्याच्या पाळीचा दिवस आहे बाई," तो म्हणाला. "मागं शेतात पाहा."

तिला अभिमान वाटला. पाळीच्या कामात मुलाला पाहावे, लांबून पाहावे आणि मग पुढे जाऊन हाक मारावी, असे मनाशी ठरवत ती इमारतीला वळसा घालून मागे गेली. वास आधी आला. नाकाला पदर लावायचा नाही असे तिने ठरवले आणि तो लावला गेलाच. शेताच्या बांधावरून दोन हातांत दोन बादल्या घेऊन एक पोरगा चालला होता. एका बादलीला कडेला चीर होती आणि तिच्यातून गळून त्याची पिंडरी ओली झाली होती. माशा त्याच्या पायाला चिकटून त्याच्याबरोबर चालल्या होत्या.

तो पोचू होता. तिला पाहताच त्याने बादल्या खाली ठेवल्या, हात जोडायला वर आणले आणि मध्येच पाठीमागे नेले.

"बाई, इकडं येऊ नोको. घाण आहे."

"आज दानूची पाळी ना रे?"

"हाव. दानूचीच."

"मग तू?"

"दानूची मी करतो." त्याने ते अगदी सहज सांगितले. "तो लाडू देते. तुमचा लाडू लय चांगला, बाई. माझी माय जवस पाह्यली नाई."

नीलाबाईच्या हातात डबा होता. तो कुठे ठेवावा हे तिला कळेना.

"दरवेळी तूच करतो?"

"बाकी दोघं पण देते. एक साबण देते, एक बिस्कूट देते. मग रोजच मी."

"आणि तास? दुपारी ग्रीकचा तास असते ना?"

पोचूने पायाने एक माशी हाकलली. "आंग धुवून जातो तवा अर्धा तास होऊन जाते. मग साहेब लिहिते ते मले समजत नाई. परीक्षेत काही नाई आलं." मग म्हणाला, "वॉर्डन म्हणते, दिवाळीले घरी जाजो, मग येऊ नोको. म्हणते, तू शिकत नाई आणि वर्गात तुझा वास येते. कोणीतरी तक्रार केली वासाची."

"तू सांगितलं नाई, का वास काऊन येते ते?"

"सांगन तर दानूले काढून टाकते ना," पोचू म्हणाला. त्याने बादल्या उचलल्या. "तो रडते, बाई. पहिल्या दिवशी रडला."

तो खड्ड्याकडे गेला. नीलाबाई बांधावर उभी राहिली.

दानू भेटीच्या खोलीत आला तेव्हा त्याची नुकतीच अंघोळ झालेली होती. केस मागे बसवलेले, नखे कापलेली, सदरा इस्त्रीचा. चंदनाच्या साबणाचा वास त्याच्या आधी खोलीत शिरला. एरवी नीलाबाईने त्याला जवळ घेतले असते. आज त्या वासाने तिला शेतातल्या वासापेक्षा जास्त मळमळले.

"आई, तू काऊन आली? कळवायचं तरी."

"मागं पोचू भेटला."

दानू खुर्चीवर बसला. "मागं कशाले गेली? तिकडं घाण असते."

"हाव, पाह्यली. तुझी घाण तो वाहून राह्यला होता."

"मी जबरदस्ती नाई केली त्याच्यावर." दानूचा आवाज खाली आला. "पहिल्या दिवशी बादली उचलली आणि मले ओकारी झाली. खरंच झाली, आई. तिथीच बसलो. त्यानं येऊन बादली घेतली. मग मी त्याले लाडू दिला. मग तसंच होऊन गेलं."

"त्यानं एकदा तुले मदत केली आणि तू त्याले कामालेच लावलं."

"त्याले लाडू आवडतात."

"वर्गात त्याचा वास येते, असं वॉर्डनले कोणी सांगितलं?"

दानूने सदऱ्याची बाही सरळ केली. बाहेर पटांगणात पोरे भजनाची तालीम करत होती. एक ओळ चुकून पुन्हा पुन्हा म्हणत होती.

"साऱ्यायलेच येत होता," तो म्हणाला.

"सांगितलं कोणी?"

"मी त्याच्या बाजूले बसतो, आई. मी नाई सांगीन तर कोण सांगीन?"

नीलाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. हे तोंड आपण रोज धुतले, ह्या कपाळाला आपण तेल लावले. त्या तोंडातून हे इतक्या सरळपणे बाहेर पडले की त्याला स्वतःला काही ऐकूच आले नाही.

"आपली बादली त्याच्या डोक्यावर देतो आणि मग तो घाण आहे म्हणून सांगतो. दानू, हे तू केलं?"

"तू लय मोठं करून राह्यली. त्या लोकायले काही वाटत नाई त्याचं. जंगलातले लोकं आहेत ते."

"त्यायले काही वाटत नाई." तिने ते वाक्य हळूहळू म्हटले. "तुझ्या आजोबाले लोक मेलेली म्हैस ओढाले लावत, तवा हेच म्हणत. त्याले काही वाटत नाई, त्याच्या अंगातच आहे ते."

"हळू बोल ना." दानूने दाराकडे पाहिले. "बाहेर पोरं आहेत. इथी कोणाले माहीत नाई ते."

आजोबांचे नाव आले म्हणून तो दाराकडे पाहत होता. पोचूसाठी त्याने एकदाही मान वळवली नव्हती. नीलाबाईच्या अंगावर शहारा आला, पालीवर पाय पडावा तसा. आजवर ह्या मुलाला लोकांची किळस येई; ती त्याला हसायची, समजवायची, पाठीशी घालायची. आता पहिल्यांदा तिला त्याची किळस आली आणि ती लपवायला तिने खिडकीकडे तोंड केले.

"उद्या प्रिन्सिपॉलसाहेबाकडं जाशील," ती म्हणाली. "सारं सांगशील. पोचूचा तास काऊन बुडते, वास काऊन येते, सारं."

"मले काढतील."

"काढतील तर घरी ये. शिकव शाळेत, काहीही कर."

"आणि बाबा? बाबानं साऱ्या सिंदेवाहीत सांगितलं आहे."

"बाबाचं मी पाहीन. तू सांगशील का नाई?"

दानूने मान हलवली. सांगतो म्हणाला. दिवाळीच्या आधी सांगतो. ती उठली तेव्हा तो तिच्या पाया पडायला वाकला. पायाला हात लागण्याआधीच तिने पाय मागे घेतले. डबा तिने त्याला दिला नाही. फाटकाशी मुखरूला तो पोचूसाठी म्हणून ठेवून घ्यायला सांगितला आणि वाटेत लक्षात आले, हेही बरे केले नाही. लाडू म्हटले की त्या पोराला आता कामच आठवणार.

घरी गुणवंतरावांनी पहिल्यांदा ऐकून घेतले तेव्हा ते चक्क हसले. "लाडवाच्या बदल्यात? भारी आहे पोट्टा." बायकोचे तोंड पाहून त्यांचे हसू विरले. बराच वेळ ते औषधाच्या बाटल्यांची बुचे फडक्याने पुसत बसले.

"पोरगं आहे," शेवटी म्हणाले. "हातात काम आलं का सुधरते. मीही पहिल्यांदा गळू फोडलं तवा भोवळ येऊन पडलो होतो."

"तुमी पडले. दुसऱ्याच्या हातात सुरी देऊन त्याच्यावर नाक नाई मुरडलं."

"त्यानं सांगतो म्हटलं ना? मग सांगीन. तू मधी पडू नको. आपलाच पोरगा, आपणच त्याची इज्जत काढावी का?"

ती मध्ये पडली नाही. मुलाने शब्द दिला होता आणि त्या शब्दाला जागा द्यायला हवी होती. पण त्या दिवसांत तिला जेवण जाईना. लाडू वळायला बसावे तर तळहाताला लागलेला कोमट गूळ नको नको होई. शाळेत पोरींना ती स्वच्छतेचा धडा शिकवत होती. हात धुवा, नखे कापा, म्हणता म्हणता तिला इस्त्रीच्या सदऱ्यातला दानू दिसे आणि ती पुस्तक मिटून त्यांना कविता म्हणायला सांगे. रविवारी देवळात मंडळीने सेमिनरीत शिकणाऱ्या आपल्या तरुणासाठी खास प्रार्थना केली. सगळ्यांनी मोठ्याने आमेन म्हटले. नीलाबाईचे ओठ उघडलेच नाहीत.

दिवाळी तोंडावर आली. एके सकाळी दुधाला गेलेले गुणवंतराव परतताना गार्डाला घेऊनच आले. गाडी क्रॉसिंगला थांबली होती, म्हणून तो पाणी प्यायला आला होता.

"वहिनी, तुमचा दानू भेटला काल," गार्ड पेला ठेवत म्हणाला. "मजेत आहे. म्हणे, आई रागावली का? बरेच दिवस लाडू नाई आले. येत्या खेपेले दुप्पट पाठवजो म्हणे, अजून दोन-तीन पाळ्या आहेत, आता दुसऱ्या पोट्ट्याले द्यावं लागते म्हणे."

गुणवंतरावांनी बायकोकडे पाहिले आणि नजर खाली घेतली.

"आणखी कोणी होतं त्याच्यासंगं?" नीलाबाईने विचारले.

"नाई. तो काळासा पोट्टा दिसला होता मात्र, त्याच्या खोलीतला. डेपोजवळ लॉरीवाल्यायले विचारत होता, आलापल्ली-भामरागडकडं रिकामी गाडी कधी जाते म्हणून. काखेत गाठोडं होतं. म्हटलं, काय रे, सुट्टीले चालला? तर म्हणे, नाई, संपलं माझं शिकणं. लॉरी भेटली त्याले, आता उद्या निघते." गार्डाने तोंड पुसले. "गरीब आहे बिचारा. कोणाले काही दोष नाई दिला त्यानं."

गाडीची शिटी झाली आणि गार्ड निघून गेला. नीलाबाईने चुलीवरचे दूध उतरवले. कोपऱ्यातल्या चपला पायांत सरकवल्या.

"कुठी निघाली?" गुणवंतरावांनी विचारले.

"पोस्टात. चांद्याले ट्रंककॉल लावते. पोस्ट आता उघडलंच असेल."

"हाव, चांगलं आहे. चांगलं समजव त्याले. रागावू नको जास्त, परीक्षा जवळ आहे."

"दानूले नाई लावत."

गुणवंतराव उठून दारात आले. "मग?"

"प्रिन्सिपॉलसाहेबाले."

"नीला, साहेब कडक आहे. एका शब्दात पोट्ट्याचं सारं संपवून टाकीन."

"पोचूचं संपलं ना? त्याचं कोणी विचारलं नाई."

"निदान दानूचं नाव नको घेऊ. म्हण, पोरं पोरं अदलाबदल करत होती. बाकी दोघं पण आहेत ना त्यात."

"पहिलं त्याचंच घेईन. त्याची आई आहे मी, मी सांगितलं तरच साहेब ऐकतील." तिने पदर खोचला. "पोचूची लॉरी उद्या आहे. ती जायच्या आधी साहेबाच्या कानावर गेलं पाहिजे. तुमाले यायचं असेल तर चला, कॉल लागाले वेळ लागते."

गुणवंतराव दारातच उभे राहिले. ती ओसरीवरून, बसलेल्या रोग्यांच्या मधून वाट काढत, बाहेर पडली आणि पोस्टाच्या रस्त्याला लागली. पहिले वाक्य कोणते बोलायचे, एवढेच आता ठरवायचे होते.